ठाण्यातील फ्लॅटसाठी हायब्रिड डिजिटल पियानो घ्यावा का?

घोडबंदर रोडवरील आपल्या फ्लॅटमध्ये मुलीच्या सरावासाठी हायब्रिड पियानो ग्रँडची (आडव्या तारांच्या मोठ्या पियानोची) जागा घेऊ शकेल का, असे आपण विचारले आहे. स्पर्शापुरते बोलायचे तर माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. यामाहाच्या अवांतग्रँड मालिकेतील एन१एक्समध्ये किंवा कावाईच्या नोव्हस एनव्ही १० मध्ये ग्रँडसारखीच लाकडी पट्ट्यांची आणि हातोड्यांची यंत्रणा असते. तारा मात्र नसतात, आणि प्रकाशसंवेदकांनी टिपलेल्या हालचालीवरून ध्वनी उमटतो.

दुकानात एक पट्टी अगदी सावकाश दाबून पाहा. तळाजवळ बोटाला जो बारीकसा अडथळा जाणवतो, तो हातोडी यंत्रणेतून सुटण्याचा क्षण असतो. सेबास्तियन एरार यांनी शोधलेल्या आणि १८२१ मध्ये पेटंट झालेल्या दुहेरी एस्केपमेंटमुळे (हातोडी सोडणाऱ्या यंत्रणेमुळे) ग्रँडची पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येतो, आणि अपराइटमध्ये (उभ्या पियानोत) सहसा न मिळणारी ही सोय अशा हायब्रिडमध्ये मिळते.

खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात तारांचा सूर हलतो, ती चिंता येथे उरत नाही. मात्र लाकूड आणि फेल्ट असल्याने यंत्रणेची जुळणी अधूनमधून करून घ्यावी लागते. रात्री हेडफोन लावता येतो, हे शेजाऱ्यांच्याही सोयीचे आहे. वजन शंभर किलोहून अधिक असते, म्हणून सोसायटीच्या लिफ्टचे माप आधी घ्यावे.