वाचकांचे प्रश्न : जॅझ ऐकताना मोजायचे काय?

प्रश्न : जॅझमध्ये सुरुवातीची धून कळते. पण मिनिटभराने जो तो मनाला येईल ते वाजवू लागला आहे असे वाटते. नेमके काय धरून ऐकावे?

उत्तर : आवर्तन धरा. सुरुवातीच्या धुनेला वादक ‘हेड’ म्हणतात. बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट, बहुधा चार मात्रांचा. हेड जितक्या बारांचे, तितक्याच बारांचे आवर्तन पुढे प्रत्येक सोलोखाली, म्हणजे एकेका वादकाच्या उत्स्फूर्त वादनाखाली, फिरत राहते, आणि कॉर्डही (एकत्र वाजणारे स्वरगट) त्याच क्रमाने येतात. या एका फेरीला ‘कोरस’ म्हणतात. सगळ्यांचे सोलो झाले की हेड पुन्हा वाजते आणि रचना संपते.

बहुतेक रचना दोन साच्यांत बसतात. एक १२ बारांचा ब्लूज, दुसरा ३२ बारांचा ए-ए-बी-ए : आठ बारांची ओळ दोनदा, मग आठ बारांचा वेगळा भाग म्हणजे ‘ब्रिज’, मग पुन्हा पहिली ओळ. बारात चार मात्रा धरल्या तर ३२ बारांच्या १२८ मात्रा झाल्या. लय मिनिटाला १२८ असेल तर एक कोरस बरोबर एका मिनिटाचा. १२ बारांचा ब्लूज मिनिटाला १२०च्या लयीत २४ सेकंदांत फिरतो. घड्याळ लावून एकदा ताडून पाहा, अर्धी भीती तिथेच जाते.

मोजताना ड्रमच्या मागे लागू नका. ड्रमवादक मुद्दाम वजन इकडे-तिकडे टाकतो आणि नवखा श्रोता तिथेच फसतो. डबल बास ऐका. ‘वॉकिंग’ चालीत तो दर मात्रेला एक स्वर देतो, त्यामुळे मोजायला त्याच्याइतका भरवशाचा दुसरा कोणी नाही. स्पीकर लहान असेल तर बास ऐकूच येत नाही, हेडफोन लावा.

सरावासाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली ‘सो व्हॉट’ घ्या. पियानो आणि बासची संथ प्रस्तावना सोडून द्या. त्यानंतर धून बास वाजवतो आणि बाकीचे दोन कॉर्डनी तिला उत्तर देतात. रचना ३२ बारांची, ए-ए-बी-ए. स्वर आपल्या काफी थाटाचे, म्हणजे गंधार आणि निषाद कोमल. ब्रिज आला की हाच सगळा स्वरसमूह अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि आठ बारांनी खाली येतो. ती चढण ओळखू आली की आवर्तन हातात आले. पुढे ट्रम्पेटचे दोन कोरस, टेनर सॅक्सोफोनचे दोन, आल्टोचे दोन आणि पियानोचा एक.

इथे हमखास चुकणारी जागा सांगून ठेवतो. ब्रिजनंतरचा ‘ए’ आणि पुढच्या कोरसचे पहिले दोन ‘ए’ मिळून सलग २४ बार तेच स्वर चालतात, आणि कोरस कुठे बदलला ते निसटते. अशा वेळी मागचे मोजत बसू नका. पुढच्या ब्रिजची वाट पाहा आणि तिथून पुन्हा पकडा.

१९६०च्या आसपास पुढे आलेल्या, ठरलेली चौकट झुगारणाऱ्या फ्री जॅझला हा हिशेब बऱ्याचदा लागू पडत नाही. ऐकायची सुरुवात तिथून करू नये.

प्रश्न : टाळी कुठे द्यायची?

उत्तर : दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमवादकाच्या डाव्या पायाखालची हाय-हॅटची (पायाने मिटणाऱ्या झांजांची) जोडी तिथेच मिटते, ती ऐका. समेवर टाळी द्यायची सवय असलेल्यांचा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जातो, आणि वादकांना ते जड होते. हॅरी कॉनिक ज्युनियर यांनी एका मैफलीत श्रोत्यांची अशी टाळी ऐकून पियानोवर मध्येच एक मात्रा जादा वाजवली. टाळी आपोआप योग्य जागी आली, श्रोत्यांना पत्ताही लागला नाही.

प्रश्न : मी कीबोर्ड शिकते. कागदावरचे स्विंगचे स्वर बरोबर वाजवते, तरी ते स्विंग वाटत नाही.

उत्तर : कागदावर अर्ध्या मात्रेचे दोन स्वर सारख्या लांबीचे दिसतात, वाजवताना ते तसे नसतात. मात्रेचे तीन भाग करा : पहिला स्वर दोन भागांचा, दुसरा एका भागाचा. मध्यम लयीत हे प्रमाण चालते. लय जसजशी वाढेल तसतसे दोन्ही स्वर समान होत जातात. मिनिटाला २०० मात्रांच्या पुढेही दोनास-एक रेटलेत तर वाजवणे अडखळल्यासारखे होते.

तुमचा दोष बहुधा दोनांपैकी एक असेल. पहिला, पहिल्या स्वराला तीन भाग आणि दुसऱ्याला एक दिला जातो. मग घोड्याच्या टापा ऐकू येतात. दुसरा, प्रत्येक मात्रेच्या पहिल्या स्वरावर जोर पडतो. स्वर जोडून वाजवा आणि हलका जोर मधल्या, छोट्या स्वराला द्या.

सराव असा : मेट्रोनोम ६०वर ठेवा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी किंवा चौथी मात्रा आहे असे धरा. म्हणजे खरी लय १२० झाली. आधी फक्त तोंडाने ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणा, ठोका दोन आणि चारवरच पडला पाहिजे. ते पक्के झाल्यावर एक सप्तक चढा-उतरा. ठोका नकळत एक आणि तीनवर सरकला तर थांबा, पुन्हा मोजून सुरू करा. तसेच पुढे रेटण्यात काही अर्थ नाही. आणि कागदाच्या माथ्यावर ‘बोसा नोव्हा’ (ब्राझीलची एक शैली) लिहिले असेल तर हे सगळे विसरा. तिथे स्वर समानच वाजतात.

प्रश्न : जुन्या रहस्यपटांत पाऊस, अंधारी गल्ली आणि सॅक्सोफोन असायचाच ना?

उत्तर : आठवण अशीच सांगते, चित्रपट तसे सांगत नाहीत. १९४०च्या दशकातल्या अमेरिकन ‘न्वार’ चित्रपटांचे, म्हणजे अंधाऱ्या गुन्हेपटांचे, पार्श्वसंगीत बहुतांशी मोठ्या वाद्यवृंदाचे, युरोपीय वळणाचे होते. ‘डबल इन्डेम्निटी’ला (१९४४) मिक्लोश रोझा यांचे संगीत आहे, ते ऐकून पाहा. जॅझ वाजे तो पडद्यावरच्या नाइटक्लबात. पार्श्वसंगीतात तो ठळकपणे शिरला १९५०च्या दशकात : अ‍ॅलेक्स नॉर्थ यांचे ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९५१), एल्मर बर्नस्टाइन यांचे ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५). लुई माल यांच्या ‘एलिव्हेटर टू द गॅलोज’साठी माइल्स डेव्हिस यांनी डिसेंबर १९५७मध्ये पॅरिसला चित्रपटातले प्रसंग पाहत, बरेचसे उत्स्फूर्त वाजवून एका रात्रीत संगीत ध्वनिमुद्रित केले. तिथे वाद्य ट्रम्पेट आहे. ‘चायनाटाउन’मध्येही (१९७४) ट्रम्पेटच. एकाकी सॅक्सोफोनचे चित्र मनात रुजवण्यात ‘टॅक्सी ड्रायव्हर’चा (१९७६) वाटा मोठा आहे, आणि तो रंगीत चित्रपट आहे! मागाहून आलेल्या चित्रपटांनी आणि जाहिरातींनी ते चित्र जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटांच्या माथी मारले.

प्रश्न : १९२०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांत सोलो इतके तुटक का?

उत्तर : तबकडीवर जागाच नव्हती. मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. त्यात दोनदा हेड वाजवले की एकेकाच्या वाट्याला एक कोरस किंवा त्याहून कमी उरे. त्या ध्वनिमुद्रिका म्हणजे मैफलीचा नमुना समजू नये. नाचघरात तीच रचना कितीतरी लांबे. १९४८मध्ये एलपी (लाँग-प्ले तबकडी) आली, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक मावू लागले. ‘सो व्हॉट’ नऊ मिनिटांची असू शकते ती त्यामुळे. लोकप्रिय गाणे मात्र तीन मिनिटांच्या मापातच राहिले.

१९२५च्या आधीच्या ध्वनिमुद्रिकांत ड्रम क्षीण ऐकू येतात, तेही यंत्रामुळे. मायक्रोफोन नव्हता, वादक एका कर्ण्यासमोर वाजवत. मोठ्या ढोलाच्या दणक्याने कोरणारी सुई उडे, म्हणून ढोल बहुधा बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर भागवले जाई. त्यावरून त्या काळी ड्रमवादक असाच वाजवत, असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : रॉकचा ड्रमसेट जॅझमधूनच आला का?

उत्तर : हो. मिरवणुकीच्या बँडमध्ये मोठा ढोल, स्नेअर (करकरीत आवाजाचा लहान ड्रम) आणि झांजा वेगवेगळे लोक वाजवत. पायाने ढोल वाजवायचे पेडल आले, १९०९मध्ये लुडविग बंधूंनी त्याचा वेगवान नमुना काढला, आणि तिघांचे काम एकटा बसून करू लागला. १९२०च्या दशकात हाय-हॅटची भर पडली. रॉकने मांडणी तीच ठेवली; दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे वजन मात्र हाय-हॅटवरून काढून स्नेअरवर टाकले.