कौलारू घराचा भाव ठरला, टोकन दिलं, मग पाहणीत वाळवी निघाली. आता किंमत कमी करा म्हणू का?

तुम्ही विचारलंय, टोकन देऊन झाल्यावर इंजिनिअरने छपराची वाळवी आणि भिंतींची ओल दाखवली. आता भाव उतरवा म्हटलं तर शब्द फिरवल्यासारखं होईल का? नाही होणार. पण करारावर सह्या व्हायच्या आत बोला.

गोव्यात फोंड्याजवळ आम्ही असंच घर घेतलं. मार्चमध्ये बघितलं तेव्हा भिंतींना ताजा रंग होता (तिथेच शंका यायला हवी होती). 62 लाख ठरले. जूनमध्ये चार दिवस पाऊस लागल्यावर सुताराला घेऊन पुन्हा गेलो. मेस्त्री माळ्यावर चढला, आढ्याजवळच्या वाशाला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. मुठीपर्यंत आत गेला.

मालकीणकाकी सत्तरीच्या, घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं. छप्पर कुजलंय असं मी तोंडावर म्हटलं असतं तर व्यवहार तिथेच मोडला असता. मेस्त्री माझ्याहून शहाणा. त्याने तोच स्क्रूड्रायव्हर काकींच्या मुलाच्या हातात दिला. "पावसांत सगळींच घरां गळटात," काकी खालून म्हणाल्या. मुलगा उतरला तो गप्पच. त्यानंतर मला फारसं बोलावंच लागलं नाही.

मागताना एक पथ्य पाळा. फुटकी कौलं, फुगलेला दरवाजा हे तुम्ही भाव ठरवतानाच बघितलं होतं, ते आता काढू नका. जे रंगाखाली, माळ्यावर, जमिनीखाली होतं तेवढंच मांडा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 हेच सांगतं: विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा दोष त्याने सांगायलाच हवा. पण काकींना कलम सांगायला जाऊ नका, चहा मिळणार नाही.

ओलीचा अंदाज मात्र नीट घ्या. भिंतीचा चिरा (जांभा दगड) सच्छिद्र, जमिनीतलं पाणी वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते सुकून जायचं. नंतर कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला की पाणी आत कोंडतं आणि रंगाला पोपडे येतात. वॉटरप्रूफ रंग मारून भागतंय म्हणणाऱ्याचं ऐकू नका, गिलावा काढण्याचा खर्च धरा.

आमच्या सुताराचं आणि गवंड्याचं लेखी एस्टिमेट 4 लाख 80 हजारांचं झालं. मी तेवढेच मागितले, फुगवले नाहीत. साडेतीन लाखांवर जमलं. मुलगा आधी म्हणाला, "आम्हीच दुरुस्त करून देतो." हे कबूल करू नका. जो घर सोडून चाललाय तो चार वासे बदलेल आणि बाकीच्यांना तेल फासेल.

मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) हक्क किंवा वाटणी न झालेला हिस्सा निघाला तर ती किंमत कमी करण्याची बाब नव्हे. वकिलाने मोकळं म्हणेपर्यंत थांबा.

आमचं घोडं अडलं ते शेवटी. काकी 58 लाख 50 हजारांना तयार झाल्या, पण घर त्यांच्या दोन दिरांच्याही नावावर. गोव्याच्या नागरी कायद्यात विवाहपूर्व वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. स्थावर विकायला दोघांच्याही सह्या लागतात. म्हणजे दोन दीर, दोन जावा, आणि चौघांनाही जुनाच आकडा माहीत. मुंबईच्या जाऊबाईंना माळ्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या. तरी सह्यांना आणखी तीन आठवडे गेले. जुलैचा पाऊस ऐन भरात, म्हणून काकींना विचारून माळ्यावर ताडपत्री आम्हीच घातली.