न्यू जर्सीत शिकवायचंय? आधी मार्कलिस्टं काढ

तू विचारलंस ते असं: इस्लामपूरजवळच्या (आता ईश्वरपूर) माध्यमिक शाळेत नऊ वर्षं विज्ञान शिकवतेस, बी.एस्सी. केमिस्ट्री आणि बी.एड. झालंय, नवरा एच-वनवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, न्यू जर्सीतल्या एडिसनला येतोय, तर आपलं बी.एड. तिकडे चालतं का? मी कोल्हापूरची. २०१२ मध्ये अशीच नवऱ्यामागून आले आणि आता इथल्या सरकारी हायस्कुलात केमिस्ट्रीच शिकवते. मधली पाच वर्षं कशात गेली ते सांगते, तुझी त्यातली निम्मी तरी वाचतील.

बी.एड.च्या आधी व्हिसाचं बघ. तुला एच-फोर, म्हणजे एच-वनवाल्याच्या बायकोचा व्हिसा, मिळेल आणि त्यावर पगारी काम करता येत नाही. बदली शिक्षिका म्हणून एक दिवससुद्धा नाही. वर्क परमिट, म्हणजे ईएडी, कधी मागता येतं? नवऱ्याच्या ग्रीनकार्डासाठी कंपनीनं केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल, किंवा त्याच्या एच-वनला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल, तेव्हाच. ही सोयसुद्धा २६ मे २०१५ पासूनची. त्याआधीची माझी तीन वर्षं पोळ्या लाटण्यात आणि रविवारी मराठी शाळेत बिनपगारी शिकवण्यात गेली. त्यामुळे भावजींना सांग, कंपनी ग्रीनकार्डाची प्रक्रिया कधी सुरू करणार हे सही करायच्या आधी विचारा. नंतर विचारलं की 'बघू' हेच उत्तर मिळतं. आणि ईएडी संपायच्या वेळी नूतनीकरणाचा अर्ज पहिल्या दिवशी टाकायचा, कारण अर्ज केला की आपोआप मिळायची ती मुदतवाढ ३० ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. दरम्यान एच-फोरवर शिकता मात्र येतं. कोर्स करता येतात, परीक्षा देता येतात. मी त्या तीन वर्षांत यातलं काही केलं नाही, हा माझा मूर्खपणा.

आता बी.एड. इथे शिक्षकाचं सर्टिफिकेट राज्य देतं, दिल्लीसारखं वॉशिंग्टनहून काही येत नाही. एका राज्याचं सर्टिफिकेट दुसऱ्यात आपोआप चालतही नाही. न्यू जर्सीत पहिला कागद म्हणजे 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी', सगळे त्याला सीई म्हणतात. त्याचा मोठा भाऊ सीईएएस. शिक्षक-प्रशिक्षण रीतसर पूर्ण केलेल्यांना तो मिळतो. मला वाटलं होतं, बी.एड. आहे, कोल्हापुरात सराव पाठ घेतलेत, म्हणजे मोठा भाऊच मिळणार. मिळाला सीई. तू सीई धरूनच चाल, जास्त मिळालं तर पेढे वाट. टीईटी, टीएआयटी, पवित्र पोर्टलवरची तुझी रँक, यांचं इथे कुणाला सोयरसुतक नाही. आणि तुझी जी मैत्रीण बारावीनंतर डी.एड. करून प्राथमिकला लागली, तिला सांग, पदवी नसेल तर ही वाट तिच्यासाठी बंद आहे. आधी पदवी.

बी.एड.पेक्षा राज्य तुझ्या विषयाचे क्रेडिट मोजतं, म्हणजे कॉलेजात त्या विषयाचा अभ्यास किती झाला त्याचं माप. केमिस्ट्री शिकवायची तर केमिस्ट्रीचे ३० क्रेडिट हवेत, त्यातले १२ वरच्या पातळीचे, म्हणजे इथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे किंवा मास्टर्सचे. आपल्या वेळी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला जवळजवळ सगळे पेपर एकाच विषयाचे असायचे, त्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मी विद्यापीठाचे आभार मानले. तुझं काम यात होऊन जायला हवं.

अडकतात ते इंजिनियर. इथे आपल्या कितीतरी बायका बी.ई. असतात आणि गणिताच्या शिक्षिका व्हायचं म्हणतात. इंजिनियरिंगमधले एम-वन ते एम-फोर हे गणिताचे पेपर मोजून थोडे क्रेडिट जमतात, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाला गणित नावालाही नसतं, मग वरच्या पातळीचे १२ कुठून आणायचे? मग काहीजणी स्वस्त पडतं म्हणून काउंटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, नाव घालतात. तिथले कोर्स पहिल्या-दुसऱ्या वर्षाचेच धरले जातात, त्यामुळे ३० भरतात आणि १२ तसेच राहतात. वरचे कोर्स चार वर्षांच्या विद्यापीठातूनच करावे लागतात. ट्रेंटनच्या थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटीचे ऑनलाइन कोर्स नोकरी-घर सांभाळणाऱ्यांना बरे पडतात.

हे क्रेडिट ठरवतं कोण? डब्ल्यूईएससारख्या मूल्यमापन संस्था. त्यांच्याकडून 'कोर्स-बाय-कोर्स' अहवालच मागव. नुसता पदवी समान आहे असं सांगणारा स्वस्त अहवाल मी आधी मागवला होता, ते पैसे वाया गेले. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, इथली चार वर्षांची, या भानगडीत बी.एड.चा खरा उपयोग होतो: दोन्ही जोडून दाखवलं की बॅचलर्सचा प्रश्न बहुधा मिटतो. गुणांची काळजी नको. ६० टक्क्यांच्या पुढचे मार्क डब्ल्यूईएस साधारण 'ए' धरते, त्यामुळे आपल्याकडचा फर्स्ट क्लास इथे एकदम हुशार दिसतो.

आता नावाचं लफडं. माझ्या मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव-आडनाव. इथल्या कारकुनाला या दोन बायका वाटल्या. लग्नाचं प्रमाणपत्र इंग्रजीत नव्हतं. ते भाषांतर करून, नोटरी करून पाठवण्यात दीड महिना गेला. त्याआधी ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे विद्यापीठानं दिलेल्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, लिफाफा परत आला होता, कारण विद्यापीठाच्या खिडकीवरच्या बाईंनी तो चिकटवला, पण जोडावर शिक्का मारला नाही. मी एडिसनमध्ये, लिफाफा कोल्हापुरात, आणि माझे सासरे त्या खिडकीपुढे रांगेत. त्यांनी चार खेपा घातल्या. तू अजून तिथेच आहेस, एस.टी.ने तासाभरात विद्यापीठात पोचशील, तेव्हा ही कामं सासऱ्यांवर ठेवून येऊ नकोस.

परीक्षांत तू नशीबवान. माझ्या वेळी प्रॅक्सिसची, म्हणजे शिक्षक व्हायच्या परीक्षांतली, वाचन-लेखन-गणिताची परीक्षा द्यावी लागे, ती १ जानेवारी २०२५ पासून न्यू जर्सीनं काढून टाकली. एडटीपीए म्हणून एक प्रकार होता, स्वतःच्या तासाचा व्हिडिओ काढून त्यावर पानंच्या पानं लिहायची. तोही २०२२ च्या डिसेंबरात कायद्यानं गेला. विषयाची प्रॅक्सिस राहिली. मला केमिस्ट्री आणि जनरल सायन्स अशा दोन द्याव्या लागल्या. कठीण नाही, पण आपण दहावीला शिकवतो त्या शब्दांत प्रश्न येत नाहीत, म्हणून प्रॅक्सिस घेणाऱ्या ईटीएस या संस्थेचे सराव पेपर सोडव. शिवाय शरीरशास्त्र-आरोग्याची एक छोटी परीक्षा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात जाऊन द्यायची असते. मी तिला फार घाबरून गेले होते, उगाच.

सीई जन्मभर टिकतो, पण तो हातात आला म्हणजे नोकरी लागली असं नाही. त्यासाठी ५० तासांचा सुरुवातीचा कोर्सही करायचा असतो. मग एखाद्या शाळेनं घेतलं की प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, सर्टिफिकेट, आणि नोकरी करता करता संध्याकाळी दोन वर्षं आणखी ३५० तासांचं प्रशिक्षण. ते पुरं झालं आणि शाळेनं चांगला शेरा दिला की स्टँडर्ड, म्हणजे कायमचं सर्टिफिकेट. बी.एड. झालेल्या बाईला पुन्हा 'पाठटाचण कसं काढावं' शिकायचं जिवावर येतं. मला आलं. पण विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आयईपीचा, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळ्या आखलेल्या शिक्षण-आराखड्याचा, कायदा, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला 'गप्प बस' न म्हणता गप्प कसं बसवायचं, हे तिथेच शिकले.

ईएडी आलं की थेट मोठ्या नोकरीच्या मागे लागू नकोस. आधी सब्स्टिट्यूट हो. त्याला ६० कॉलेज क्रेडिट पुरतात, बोटांचे ठसे द्यायचे, पार्श्वभूमीची चौकशी होते, बस्स. पैसे तुटपुंजे, पण मुख्याध्यापक तुला वर्गात बघतात. मला नोकरी मिळाली ती बदली म्हणून जिथे आठ महिने गेले होते त्याच शाळेत.

निघायच्या आधीची कामं लिहून ठेव. बी.एस्सी. आणि बी.एड. दोन्हींची ट्रान्सक्रिप्ट, प्रत्येकी तीन सीलबंद लिफाफे, शिक्का जोडावर. सगळ्या वर्षांच्या सिलॅबसची विद्यापीठाचा शिक्का असलेली प्रत. इंग्रजीत लग्नाचं प्रमाणपत्र. शाळेच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला, विषय, इयत्ता आणि तारखांसकट. हे सगळं हातातल्या बॅगेत. लोणच्याची बरणी चेक-इनमध्ये.