प्रीअँप्लिफायर : आधी शून्य, मग गेन

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आमचे महाविद्यालय आहे. आवारालगतच्या वावरातील मातीचे तापमान आमचे विद्यार्थी के-प्रकारच्या थर्मोकपलने (दोन धातूंच्या जोडातून तापमानानुसार सूक्ष्म व्होल्टेज देणाऱ्या संवेदकाने) मोजतात. त्याचा संकेत १००० गेनच्या, म्हणजे संकेत हजारपट करणाऱ्या, प्रीअँप्लिफायरमधून मल्टिमीटरकडे जातो. एप्रिलमध्ये सकाळी वाचने बरोबर येतात, पण दुपारी इनपुटची दोन्ही टोके एकमेकांना जोडली तरी आउटपुटवर सुमारे ३० मिलिव्होल्ट दिसतात. आम्ही गेनचा प्रिसेट (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवून वाचन जुळवून घेतो. हे योग्य आहे का? आणि प्रमाणित व्होल्टेजची सोय नसताना गेन कसा तपासावा?
— एक प्रयोगशाळा सहायक

उत्तर : नाही, गेनच्या प्रिसेटला कृपया हात लावू नये. आपला दोष शून्याचा (ऑफसेटचा) आहे, म्हणजे संकेत नसतानाही आउटपुट येते, आणि तो प्रत्येक वाचनात सारखाच मिसळतो, तर गेनचा दोष संकेताच्या प्रमाणात वाढतो. समजा, १ मिलिव्होल्टच्या संकेताला १.०३ व्होल्ट दिसले आणि आपण गेन कमी करून ते १.०० वर आणले, तर ०.२ मिलिव्होल्टला आउटपुट सुमारे २३ मिलिव्होल्टने जास्त आणि २ मिलिव्होल्टला सुमारे २९ मिलिव्होल्टने कमी मिळेल. वाचन जुळले ते त्या एकाच ठिकाणी.

आउटपुटवरचे ३० मिलिव्होल्ट म्हणजे इनपुटला ३० मायक्रोव्होल्ट. के-प्रकारचे थर्मोकपल अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते, म्हणजे चूक पाऊण अंशाच्या आसपास आहे. खोली सकाळी २८ आणि दुपारी ४३ अंशांवर असेल, तर जिचे शून्य अंशाला २ मायक्रोव्होल्ट सरकते अशी प्रीअँप्लिफायरमधील आयसीसुद्धा एवढा फरक पाडते. कूलरचा झोत थेट इनपुटच्या टर्मिनलवर येत असेल तर आणखी भर पडते, कारण वेगवेगळ्या धातूंच्या जोडांमध्ये तापमानाचा फरक पडला की तेथेच लहानसे थर्मोकपल तयार होते. म्हणून कूलरची दिशा बदलावी आणि टर्मिनलवर पुठ्ठ्याचे खोके झाकावे.

यंत्र झाकण लावून अर्धा तास चालू ठेवावे, इनपुटची दोन्ही टोके तांब्याच्या आखूड तारेने एकमेकांना जोडावीत, आहे ते वाचन खोलीच्या तापमानासह वहीत लिहावे आणि त्यानंतरच ऑफसेटच्या प्रिसेटने आउटपुट शून्यावर आणावे. लिहिण्याआधी प्रिसेट फिरवला, तर आधीच्या महिन्यांतील वाचने दुरुस्त करण्याचा मार्गच बंद होतो. ज्या वेळी मोजमाप घ्यायचे, त्याच वेळी शून्य तपासावे. सकाळचे शून्य दुपारी गृहीत धरू नये.

गेनसाठी प्रमाणित व्होल्टेज लागतच नाही, आणि ग्रामीण प्रयोगशाळेसाठी ही मोठी सोय आहे. एक नवा १.५ व्होल्टचा सेल, १०० किलोओहम आणि १०० ओहम असे दोन मेटल फिल्म रेझिस्टर एवढे पुरे. दोन्ही रेझिस्टर ओळीने सेलला जोडले की १०० ओहमवर सेलच्या व्होल्टेजचा १००१वा भाग मिळतो. तो प्रीअँप्लिफायरला दिला की आउटपुट पुन्हा दीड व्होल्टच्या आसपास येते. म्हणजे सेल आणि आउटपुट एकाच मल्टिमीटरच्या एकाच रेंजवर मोजता येतात आणि भागाकार करताना मीटरची त्या रेंजवरची चूक जवळजवळ वजा होते. १० ओहमचा रेझिस्टर मात्र घेऊ नये. रेझिस्टर मल्टिमीटरने मोजताना प्रोबच्या तारांचा ०.२ ओहम रोध तेथे २ टक्के चूक आणतो, १०० ओहमला तोच ०.२ टक्के ठरतो. तरीही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावाच.

आता सेलची टोके उलटसुलट करून दोन वाचने घ्यावीत. सेल १.५२ व्होल्ट आणि आउटपुट +१.५३ व −१.४७ आले, तर दोन्हींतील फरकाचे अर्धे, म्हणजे १.५० व्होल्ट, हे शून्याच्या दोषापासून मुक्त असलेले आउटपुट होय. इनपुट १.५२ भागिले १००१, म्हणून गेन सुमारे ९८८. रेझिस्टर वेगवेगळ्या रेंजवर मोजले जात असल्याने या उत्तरावर साधारण एक टक्क्यापर्यंतच भिस्त ठेवावी. गेन १००० च्या एवढा जवळ असेल तर प्रिसेट तसाच राहू द्यावा आणि हिशेबात ९८८ हाच आकडा वापरावा. माझ्या मते तेच अधिक सुरक्षित आहे.

आउटपुटवर वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण असेल, तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकून पाहावे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. वाचने शोधनिबंधासाठी हवी असल्यास वर्षातून एकदा मल्टिमीटर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून आणावा. प्रीअँप्लिफायर पाठवण्याची गरज नाही.