मीटर तपासायचा अर्ज करण्याआधी न्यूट्रल तपासा

वाढलेल्या वीजबिलाबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला: पुण्यात कोथरूडचा २ बीएचके, माणसं चार, बिल २६० युनिटवरून ३९० वर. त्यावर उपाय म्हणून सगळे दिवे एलईडी केले, फ्रिज पाच स्टारचा आणला, तरी बिल जागचं हलेना. तुमचं वाचून आमचंच जुनं दुखणं आठवलं. गीझर वेळेवर बंद करा, एसी २६ वर ठेवा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो. तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे, "इन्व्हर्टर बसवला त्यानंतरच वाढलं बहुतेक." माझ्या मते सगळं त्या ओळीत आहे.

महिन्याला १३० युनिट जादा म्हणजे चोवीस तास अखंड १८० वॅट. एवढं खाणारं उपकरण घरात नजरेआड राहत नाही. मग ती वीज तुमच्या घरात जळतच नसेल, असा संशय घ्यायला जागा आहे.

आत्ताची बहुतेक सिंगल फेज मीटर फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) या दोन्ही तारांतला करंट मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात. चोरी पकडायला केलेली ही सोय आहे, पण शेजाऱ्याच्या किंवा जिन्यातल्या दिव्याचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून परत जात असेल तर तो त्यांच्याही मीटरवर चढतो आणि तुमच्याही. वीज एकच, बिलं दोन. जोडफ्लॅट, पेठांमधले खोल्या पाडून भाड्याने दिलेले वाडे, दोन घरांच्या तारा एकाच जंक्शन बॉक्समधून गेलेल्या जुन्या इमारती, इथे हे हमखास सापडतं. इन्व्हर्टर बसवणारा हाताला लागेल तो न्यूट्रल उचलतो आणि दिवा लागला की निघून जातो. (एकाच घरातले न्यूट्रल आपापसांत मिसळले तर बिल वाढत नाही. दुसऱ्या मीटरचा मिसळला तरच.)

हे तपासायला पैसे लागत नाहीत. मीटर खाली पार्किंगमध्ये असेल तर दोन माणसं आणि फोन लागेल. मीटरवर युनिटला किती इम्पल्स, म्हणजे लाल दिव्याच्या किती लुकलुकी, ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. लाल दिव्याच्या दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर वॅटमध्ये येतं. पंधरा सेकंद म्हणजे ७५ वॅट. मीटर १६०० इम्पल्सचं असेल तर २२५० ला भागा.

सुरुवातीला इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढा, नाहीतर तो घराला वीज देत राहील आणि पुढचं सगळं फसेल. मग घरातला दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मेन स्विच पाडा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. नाही थांबला तर मीटरपासून घरापर्यंतच्या तारेत गळती आहे, कोणीतरी मधून वीज घेतली आहे, किंवा ते मीटर तुमचं नाहीच. नव्या इमारतीत दोन फ्लॅटची मीटर अदलाबदल झालेली निघतात, त्यामुळे मीटर नंबर बिलाशी ताडून पाहाच.

आता मेन चालू करा आणि आतले सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) पाडा. एक पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. या अवस्थेत दिवा लुकलुकला तर परका न्यूट्रल सापडला म्हणून समजा. हे संध्याकाळी करा, कारण शेजारी आणि जिन्यात दिवे चालू असतील तरच करंट वाहणार. इथे काही दिसलं नाही तर दिवे-पंखे बंद करून, सगळे प्लग काढून एकेक एमसीबी चढवत जा. ज्याला दिवा जागा होईल त्या लाइनवर गळती आहे, बहुधा ओल आलेली भिंत, किंवा गीझर थेट जोडलेला असेल तर त्याचं एलिमेंट.

बोर्ड उघडून न्यूट्रल वेगळे करणं मात्र परवानाधारक वायरमनचं काम आहे. न्यूट्रलला शॉक नसतो असं समजून कोणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नये, परका न्यूट्रल सोडला की त्याला पूर्ण व्होल्टेज येऊ शकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. घरात ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलीअँपचा आरसीसीबी असेल तर मिसळलेल्या न्यूट्रलमुळे तो सारखा पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो "पीस खराब आहे" आणि तो वगळून तारा थेट जोडून टाकतो, म्हणजे बायपास करतो. पीस खराब नसतो, तो ओरडून सांगत असतो! तुमचा बायपास केलेला आहे का, आज पाहा. आरसीसीबी घरात नसेलच तर तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, नामांकित कंपनीचा घ्या, पण पक्कं बिल घेऊन. तिथे डुप्लिकेटही हुबेहूब मिळतं.

वीज कंपनीच्या कार्यालयाबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. एवढंच सांगतो की तपासणीत मीटर ओके येणार, कारण मीटर खरोखर ओके आहे. आमच्या वेळी तर अहवाल मागितला तर "मिळत नाही", पोच मागितली तर "साहेब नाहीत", आणि "आधी बिल भरा" हे प्रत्येक वाक्याच्या शेवटी. घरातलं वायरिंग त्यांची जबाबदारी नाही हे खरं, पण "न्यूट्रल बघा" एवढं सांगायला काय जातं? असो. बिलावर खरंच वाद असेल तर वीज कायदा २००३ चं कलम ५६ वाचा. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील नाही मी, कागद जाणकाराला दाखवा. न्यूट्रलच्या प्रकरणात परतावा मिळेल अशी आशा मात्र धरू नका.

तोपर्यंत काही विकत घेऊ नका. सोलरसुद्धा नाही. केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरच्या छतावरच्या ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे हे मान्य, पण गळती ठेवून पॅनेल लावले तर शेजाऱ्याचा जिना तुमच्या गच्चीवरून उजळेल. गळती मिटल्यावर खर्च करायचाच तर पंख्यांवर करा. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. तीनशे युनिटच्या वरचा दर महाग असतो, त्यामुळे गळती मिटली की तुमची त्या दराची ९० युनिट आधी कमी होतील. आणि एप्रिल-मेमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत कूलर एसीच्या पाव विजेत भागवतो, हे माझं ठाम मत. पावसाळा लागला की तो निरुपयोगी, तेही तितकंच ठाम.

मीटरचा इम्पल्स आकडा आणि तिन्ही अवस्थांतले सेकंद कळवा. कुठली लाइन ते मग सांगता येईल.