बाई पाळक झाल्या तर ‘पाळकीण’ म्हणायचं का?

जालन्याकडच्या एका ताईंनी विचारलंय, की आमच्या मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) पहिल्यांदाच बाई पाळक (चर्चच्या धर्मगुरू) म्हणून आल्यात, कुणी त्यांना पाळकीणबाई म्हणायलंय, कुणी नुसतं मॅडम, आणि एक म्हातारे काका म्हणतात पाळकीण म्हणजे पाळकाची बायको, या तर सोताच पाळक, मग असं म्हणायचं काहून? तर बरोबर काय?

काका बरोबर आहेत. सरळ ‘पाळक’ म्हणा आणि क्रियापद बाईचं लावा. पाळक आल्या, पाळकांनी प्रार्थना घेतली, आमच्या पाळक उद्या परभणीला जाणारेत. सरपंच आल्या, राष्ट्रपती म्हणाल्या, हे आपण रोज बोलतोच की, तिथं कुणी सरपंचीण म्हणत नाही.

आता ईण का नको ते सांगतो. मराठीत हा प्रत्यय लई जुना, पण माणसाच्या हुद्द्याला लागला की बहुतेक वेळा तो नवऱ्याकडून येतो. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, तिनं सोता पाटीलकी केली असं नाही. मास्तरीण पण आधी मास्तराची बायकोच होती, पुढं पोरी शिकल्या, शाळेत शिकवायला लागल्या आणि शब्दाचा अर्थ पलटला. मग पाळकीण पण पलटेल की, असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत, कारण पाळकीणबाई ही मंडळीत आधीपासून एक जागाच आहे. बायकांची सभा त्याच घेतात, संडे स्कूल बघतात, कुणाकडं मयत झालं की पाळकसाहेबांच्या आधी त्या पोचतात, आणि या सगळ्याला पगार नाही. (यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे.) ती जागा आणि तो मान आहे तोवर पाळकीण ऐकलं की लोक नवरा शोधणारच.

संस्कृतवाल्यांनी ही भानगड कवाच ओळखली होती. जी सोता शिकवते ती आचार्या, आचार्याची बायको ती आचार्यानी. उपाध्याया आणि उपाध्यायानी पण तसंच. आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटलं, पंडितीण नाही, कारण विद्या त्यांची होती, नवऱ्याची नाही, आणि तेव्हा तर त्यांचं लग्न पण झालेलं नव्हतं. त्याच रमाबाई पुढं १८८३ ला इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, तर तिथं त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का यावरून बिशप मंडळींनी खळखळ केली. नंतर याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, केडगावला त्यांच्याच मुक्ती या आश्रमातल्या बायकांच्या हातानं ते छापलं गेलं, त्या १९२२ ला गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. पुरुषांना शिकवू नका म्हणणाऱ्यांच्या पुढं असं काम ठेवलं की मग काय बोलणार.

मग ‘पंडिता’सारखं संस्कृत वळणानं ‘पालिका’ का नाही करायचं, असं एकानं मला सुचवलं होतं. अहो, पालिका म्हटलं की लोक नळपट्टी भरायला निघतील.

बायबलमध्ये बघायचं तर मराठीत संदेष्टा (देवाचा संदेश सांगणारा) आणि संदेष्ट्री दोन्ही आहेत, दबोरा संदेष्ट्री, हुल्दा संदेष्ट्री, कारण त्या बाया तिथं आहेतच, मग शब्द केला. पाळक हा शब्द इफिसच्या पत्रात ४:११ ला येतो आणि तिथं कुणाचं नाव नाही, बाई नाही का बाप्या नाही, म्हणून स्त्रीलिंगी करायची वेळच आली नाही. मुळात तो शब्द मेंढपाळाचा, आणि मेंढरं राखायला तर उत्पत्तीत राहेल पण येते, २९ व्या अध्यायात, बापाची मेंढरं घेऊन.

मला जास्त खटकतो तो ‘सेविका’. रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात फिबीला आपल्याकडं किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका म्हटलंय. ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे तोच हे पत्र लिहिणारा पौल सोतासाठी पण वापरतो. व्याकरणानं सेवकाचं सेविका बरोबरच आहे, पण कानाला बघा, ‘देवाचे सेवक’ म्हटलं की लोक उठून उभे राहतात आणि सेविका म्हटलं की अंगणवाडी आठवते. (अंगणवाडी सेविकांचं काम हलकं नाही, मानधन हलकं आहे.) शब्द एकच, बाईला लावला की त्याचा दर्जा उतरला. म्हणून नवीन रूप पाडताना मी जरा भितोच.

‘वडील’चं मात्र उलट आहे. प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळ्यांत कारभार बघणाऱ्याला वडील म्हणतात, आणि बाई निवडून आली की लोक हसतात, बाई कशी वडील होईल. अरे, वडील म्हणजे बापच असं कुठं आहे, ‘वडील बहीण’ आपण म्हणतोच ना. त्यामुळं मंडळीच्या वडील म्हणून अमुक बाई निवडून आल्या, हे शंभर टक्के मराठी वाक्य आहे, बिनधास्त लिहा.

आणि बाईनं हे पद घ्यावं का, हा भाषेचा सवाल नाही. काही मंडळ्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं २:१२ (बाईनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये) पुढं करून नाही म्हणतात, कॅथलिकांत बाईला याजकपद नाही (उपासनेत शास्त्रपाठ वाचणारे वाचक म्हणून रीतसर नेमणूक मात्र २०२१ पासून बायांना पण मिळते). दक्षिणेकडच्या चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ ला पुष्पललिता बिशप झाल्या, त्यांना पण बिशपच म्हणतात, बिशपीण नाही. तुमच्या मंडळीनं बाईंना नेमलंय म्हणजे त्यांच्यापुरतं ते ठरलंय.

बोलताना पाळकबाई म्हटलं तरी चालतं, आपल्याकडं शाळेतल्या बाई म्हणतात तसा तो मानाचाच. पत्रिकेवर, बोर्डावर मात्र पुरुषाच्या नावाआधी जसं रेव्ह. (रेव्हरंड) लिहिता तसंच लिहा, पुढं सौ. घुसडू नका. आणि त्यांच्या मिस्टरांना काय म्हणायचं हे ताईंनी शेवटी विचारलंय, तर त्याला मराठीत अजून शब्द नाही, गावात सरपंचपती आहेत तसं पाळकपती सुरू करू नका म्हणजे झालं, नावानं बोलवा.