नागपुरात होकायंत्राशिवाय, केवळ सूर्याच्या आधारे फ्री डिशची छत्री लावता येते का?

होय, लावता येते. गच्चीच्या स्लॅबमधील सळयांमुळे आपले होकायंत्र जागोजागी निराळी दिशा दाखवत असेल, तर सूर्यच अधिक भरवशाचा आहे. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर असून, नागपुरातून पाहता तो खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे 144.5 अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या थोडा दक्षिणेकडे, आणि क्षितिजापासून सुमारे 60 अंश उंच असतो.

वर्षातील बहुतेक दिवशी दुपारपूर्वी सूर्य याच दिशेवरून जातो. ती वेळ तारखेप्रमाणे बदलते आणि सूर्याची दिशा सांगणाऱ्या कोणत्याही ॲपवर मिळते. डिसेंबरअखेर ती साधारण सव्वादहा असते. त्या वेळी गच्चीवर ओळंबा लोंबता धरून दोरीची सावली खडूने आखून घ्यावी आणि एलएनबीचा (छत्रीसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) दांडा त्या रेषेच्या बरोबर वर, सूर्याच्या बाजूला येईल अशी छत्री फिरवावी. 60 सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत (ती जिथून सिग्नल पकडते तो पट्टा) सुमारे 3 अंश रुंद असल्याने एखाद्या मिनिटाची चूक खपून जाते. नवतपात मात्र हा खटाटोप करू नये, आणि तो केवळ उन्हापायी नव्हे: 26 मेच्या सुमारास सूर्य नागपूरच्या माथ्यावर येतो व पुढे जुलैच्या मध्यापर्यंत उत्तरेकडूनच जातो, त्यामुळे 144.5 अंशांवर तो येतच नाही.

उंचीची खात्री करण्यासाठी वर्षातून दोनदा उत्तम संधी मिळते. 11 मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाचेक मिनिटे कमी असताना सूर्य थेट उपग्रहाच्या मागे येतो. (त्या दिवसांत चालू छत्रीचे चित्र काही मिनिटे जाते, ते सूर्याच्या रेडिओ लहरींमुळे, त्यासाठी मेकॅनिक बोलावण्याचे कारण नाही.) मोठ्या जाळीच्या छत्रीत अशा वेळी मधल्या फीडची (सिग्नल गोळा करणाऱ्या भागाची) सावली बरोबर केंद्रावर पडते. आपली छोटी छत्री ऑफसेट प्रकारची असून तिचा झोत तिच्या तोंडापेक्षा बराच वर रोखलेला असतो, म्हणून एलएनबीची सावली मध्यावर आणण्याच्या नादात छत्री आणखी उताणी करू नये. ती सावली छत्रीच्या खालच्या काठाशीच पडायला हवी. एलएनबी स्वतःभोवती किती फिरवायचा, हे सूर्य सांगत नाही. नागपुरात तो कोन सुमारे 33 अंश येतो आणि सेटटॉप बॉक्सवरील सिग्नल क्वालिटी पाहूनच पक्का करावा लागतो.

याच दोन दिवशी, याच वेळी छत्रीवर शेजारच्या कडुनिंबाची सावली पडत असेल, तर दिशा कितीही अचूक साधली तरी छत्रीची जागा बदलावी लागेल.